सिंगापुरातले चार तास

— हरवणारी बाई! असं म्हणाले? महिला मंडळाच्या सभेत, सगळ्यांसमोर? बस गो राही, उभी काय राहिलीस — ती खुर्ची नको, तिचा पाय लुळा आहे, इकडे झोपाळ्यावर बस — हां. आणि ती सहलीची यादी दे बघू इकडे. ताजबी आहे, चिमा आहे, सुरय्या आहे... अगो, लवूची आई पण आहे! जिला बाजारातनं घरी यायला सोबत लागते, ती काठमांडूला निघाली आणि मी नाय? का? तर तुळसाकाकी परदेशात गेली की हरवते. चार वर्षं झाली सिंगापूरला, पण लोकांच्या तोंडातनं काय जात नाय. पोस्टमन आमच्या बाळाचं पत्र देताना विचारतो, काकी, हे घर तुमचंच ना, नक्की? जळलं मेल्याचं तोंड!

तू तेव्हा शाळेत होतीस, तुला काय ठाऊक. आमचा क्रोशाचा वर्ग तेव्हा सोनूबाईच्या ओटीवर भरायचा, मंगळवारी नि शुक्रवारी. सोनूबाई आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन इथे मांडवीत आलो — तिच्याच हातची सुई धरून मी पहिली साखळी विणली, तेव्हा ती शिकवताना माझ्या बोटांवर टिचक्या मारायची. तर एक दिवस तिनं सुई खाली ठेवली आणि म्हणाली, बायांनो, आपण जन्मभर टेबलक्लॉथ विणायचे आणि टेबलं दुसऱ्यांची. एकदा जाऊया की कुठेतरी लांब. आम्हाला वाटलं, गणपतीपुळ्याला. ती म्हणाली, सिंगापूर! मग हसण्यात दुपार गेली, कुणाचा विणीतला एक खांब सरळ आला नाय त्या दिवशी. पण ती सोडते होय? तिचा भाचा मुंबईत यात्रा कंपनीत, त्याला पत्रांवर पत्रं घातली, चौदाजणींचे पासपोर्ट काढवून घेतले — एकीचेही डोळे उघडे नायत फोटोत. तेरा घरी जाऊन तेरा नवऱ्यांशी बोलली. आमच्या ह्यांनी तर महिनाभर झुलवलं. शेवटी म्हणाले, सोनूबाई, हिला तुमच्या पदरात घालतोय, आणली तश्शी परत आणायची. जसं काय मी पितळेची कळशी. आणि मला म्हणाले, तिचा पदर सोडायचा नाय.

तर बाय, निघालो! एसटीनं मुंबई, तिथनं विमान. प्रत्येकीच्या खांद्यावर पिवळं क्रोशाचं फूल — सोनूबाईची अक्कल — म्हणजे गर्दीत आपली बाई ओळखू यावी. विमान उठलं तशी चिमानं माझा हात असा आवळला की बांगडी पिचली, आणि ताजबी म्हणते, अल्ला, हे खाली बघितलं तर चालेल ना, की पाप लागेल? त्या हवाई बाईनं लिंबाच्या वासाचे गरम रुमाल दिले, आम्हाला वाटलं पाहुणचार, चौघींनी पिशवीत घड्या घालून ठेवले — मग ती मागायला आली! आणि सिंगापुरात उतरलो तर कस्टमवाल्यानं ताजबीची बॅग उघडायला लावली. तिनं नेली होती किलोभर सुकट. सगळा विमानतळ घमघमला गो! आम्ही मेलो शरमेनं. तो माणूस गंभीर तोंड करून वाकला, वास घेतला — आणि असा हसला, असा हसला — पोटावर हात फिरवून दाखवला त्यानं. तिकडे पण खातात ना ती! ताजबी म्हणाली, बघा, माणसं आपलीच आहेत, उगाच घाबरलो.

सगळं बघितलं. तो सिंहाच्या तोंडातनं पाणी सोडतात तो, पक्ष्यांची बाग, देऊळ — तिकडे रस्त्यावर मोगऱ्याचे गजरे, विचार कर. आणि रस्ते काय, आपण पाट मांडून जेवायला बसावं. पण बघायचं म्हणजे कसं? सोनूबाई पुढे छत्री उंच धरून, आणि मागे तेराजणी. ही थांबली की थांबायचं, ही पाणी प्यायली की प्यायचं. एकीला मोरीला जायचं झालं की चौदाजणींनी जायचं. दर पंधरा मिनिटांनी मोजणी — आणि मोजताना ती स्वतःला धरायला विसरायची, तेरा आल्या की हिचा जीव वरखाली, पुन्हा मोज! मी कायतरी बघत जरा मागे राहिले की लगेच, तुळसा! तुळसा गो! — अगदी रेडकाला हाक मारावी तशी.

तिसऱ्या दिवशी ते मोठं दुकान. सात मजली. आणि आत सरकता जिना! तुला सांगते, चौदा बायका त्या जिन्यासमोर अशा उभ्या, जसं काय समुद्राला भरती आली. ताजबी म्हणते, हा थांबला की चढूया. तो कसला थांबतोय! मी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, निऱ्या उचलल्या आणि टाकला पाय. पोचले वर! एकटी! वरनं बघते तर खाली तेराजणी — सोनूबाई एकेकीला धरून पायरीवर ठेवतेय, चिमा बसूनच वर येतेय, आणि सगळं दुकान खरेदी सोडून आमची जत्रा बघतंय... आणि तिथनं मग मी — तिथनं मग चुकामूक झाली. झालं. एवढंच. माणसाची चुकामूक होऊ शकते, त्यात हरवणारी बाई म्हणून शिक्का मारायचा? मी हरवेन? अगो, हॉटेल तर गावभरातनं दिसायचं, डोक्यावर ही एवढी लाल अक्षरं, आंधळा पोचला असता. त्या गल्लीतनं मी स्वतः तीनदा मान वर करून बघून घेतलं, की आहे ना अजून जागेवर —

काय?

...मग हरवलीस कशी? असं विचारतेस?

फार हुशार झालीस गो तू. आईवर गेलीस. चहा घे. थंड झाला असेल — घे.

बरं, ऐक. पण हे त्या झोपाळ्याच्या कड्यांनाही कळता कामा नये. वर उभी होते ना मी, जिन्याशी — तर दुसऱ्या बाजूला खाली जाणारा जिना होता. आणि कुणी बघत नव्हतं. चार वर्षं मी स्वतःला सांगतेय की पाय आपोआप पडला. पण पाय आपोआप पडला, तर खांद्यावरचं फूल कुणी काढलं? मी काढलं. बटव्यात घातलं. आणि खाली उतरून, मागच्या दारानं, रस्त्यावर.

राही, अगो, उजवीकडे कुणी नाय, डावीकडे कुणी नाय! मी बावन्न वर्षांची, आणि जन्मात पहिल्यांदा मला कुठे वळायचं ते मी ठरवत होते. एका कोपऱ्यावर उजवीकडे वळले, मग म्हटलं नको, डावीकडे — आणि वळले! कुणी विचारलं नाय का म्हणून. मला असं हसू येत होतं, वेड्यासारखं, पदर तोंडात कोंबून चालत होते. मग जुन्या घरांची एक गल्ली लागली, रंगीत खिडक्या, दारापुढे आपल्या पडवीसारखं छप्पर, आणि तिथे एक चिनी म्हातारी बसलेली. हातात लाकडी चौकट, आणि मोहरीच्या दाण्याएवढे मणी — सपातांवर मण्यांची फुलं भरत होती. मी बघत उभी राहिले. ती वर बघेना. मी हलेना. मग तिनं पायानंच एक बुटकं स्टूल माझ्याकडे सरकवलं. बसले! थोड्या वेळानं तिनं माझ्या पोलक्याच्या बाहीची लेस बोटात धरली, उलटी करून मागची बाजू बघितली — जाणकार मागची बाजूच बघतो गो — आणि मान डोलावली. बटव्यात सुई नि दोरा होताच, मी काढला, दाखवलं तिला खांब कसा घालायचा. तिनं मला मणी ओवायला दिले, चुकले की अशी टिचकी मारायची बोटावर! भाषा? कसली भाषा? मी मराठीत बोलत होते, ती चिनीत, आणि दोघींचं सगळं बरोबर चाललं होतं. तिला मी बाळाचं लग्न ठरत नाय तेही सांगितलं, तिनं पण डोळे पुसत कुणाचं तरी लांबलचक कायतरी सांगितलं, मी म्हटलं, होय गो बाय, खरं आहे. मग तिनं बिनदुधाचा चहा आणि हिरवी मऊ गुंडाळी आणली — आत काय असेल? मोदकाचं सारण! गूळखोबरं! मी तीन खाल्ल्या.

चार तास. चार तास मी कुणाची कोणी नव्हते. आणि लाज वाटते सांगायला, पण घराची आठवणसुद्धा आली नाय. ह्यांची नाय, बाळाची नाय. दिवे लागायला आले तेव्हा दचकले.

हॉटेलपाशी आले तर ही गर्दी. पोलीस. आणि सोनूबाई फूटपाथवर फतकल मारून बसलेली, केस सुटलेले, पायात एकच चप्पल — साऱ्या रस्त्यांनी धावली होती ती, दिसेल त्याला, तुळसा, तुळसा, म्हणून विचारत. मी सांगणारच होते, की सोनूबाई, मी जरा फिरून आले. शप्पथ. तोंड उघडलं होतं. पण तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, हरवली होतीस गो माझी बाय, हरवली होतीस. आणि मी म्हटलं, होय गो, हरवले.

एवढंच. एवढाच शब्द. तो सुद्धा तिनंच दिला होता.

रत्नागिरीला आलो आणि ताजबीच्या तोंडून सगळं फुटलं. आमचे हे तडक सोनूबाईच्या ओटीवर. वर्ग भरलेला होता. जोरात म्हणाले, चौदा बायका सांभाळता येत नायत, तर कशाला मिरवायला नेता दुसऱ्याच्या घरची माणसं? माझी बायको परमुलखात मेली असती म्हणजे? सोनूबाई मान खाली घालून ऐकत होती. एकदाच वर बघितलं तिनं — माझ्याकडे. मी ह्यांच्या मागे उभी होते. मी काय केलं ठाऊक आहे? ओटीच्या कठड्यावर लोकर पडली होती, ती गुंडाळत बसले.

त्यानंतर तिनं वर्ग सुरय्याकडे दिला. म्हणाली, मला माणसं सांभाळायला जमत नाय. रस्त्यात भेटते, हसते, बरी आहेस ना विचारते. पण बोलत नाय.

तर सांग आता, एवढं ऐकलंस तर — मी हरवणारी बाई आहे का? नाय ना? मग लिही नाव! काठमांडूत मी सगळ्यांच्या पुढे — आणि माझं नाव खोडलं कुणी, ते तरी सांग. ताजबीनं? नाय? मग सुरय्यानंच — कोण?

सोनूनं?

तुम्ही तिच्याकडे गेला होता, सल्ला विचारायला. बरं. बरोबर आहे, तिला अधिकार आहे. काय म्हणाली? बोल गो, मी कायपण ऐकून घेईन, शिव्या दिल्यान असतील तरी —

रडली?

तुळसाला नेऊ नका म्हणून रडली? ...‘भोळी आहे ती, पुन्हा हरवली तर सापडायची नाय’... अशी म्हणाली? अजून झोपेत दचकते? माझ्या नावानं?

...

यादी उचल ती. नाय, नाव नको लिहूस. आता ते राहू दे. हे आले तर त्यांना सांग — नको, कायपण सांगू नको, भाकरी झाकून ठेवलीय ती दिसेल त्यांना. माझी चप्पल बघ गो झोपाळ्याखाली गेली की काय. हां. पदर नीट आहे ना?

नको. तू नको येऊस सोबत. सोनूचं घर मला सापडतं.

जा तू. जा म्हणते ना.