कंटिन्युइटीचा डाग

...आणि वर मलाच विचारते, ‘बाबा, तू तो डाग धुतलासच कसा?’ कसा म्हणजे? साबणाने धुतला! अहो, तीस वर्षं मी दुसरं काय करतोय? लोक शर्ट आणून टाकतात, मी डाग काढतो, इस्त्री मारतो, घडी घालून देतो. मी लाँड्रीवाला माणूस, माझं कामच डाग काढायचं! आणि माझी पोटची पोर मला म्हणते, तू माझ्या सिनेमाचं वाटोळं केलंस!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. आमची कन्या सिनेमा शिकते. म्हणजे बघायला नाही हो, काढायला. परीक्षेसाठी दहा मिनिटांचा सिनेमा काढायचा होता. विषय काय, तर लाँड्री. बाप आणि मुलगा, जन्मभर एकाच दुकानात राबतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. म्हटलं, ‘हे तुला सुचलं कुठून?’ तर माझ्याकडे नुसतं बघितलं. मुलगा मी, आणि बाप म्हणजे आमचे दादा. माझे वडील, वय एक्याऐंशी. दुकान त्यांनीच काढलेलं. आजही रोज सकाळी येतात, दाराजवळच्या स्टुलावर बसतात आणि माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक शर्ट उजेडात धरून बघतात. बघतात... आणि ठेवतात. बस्स! तीस वर्षांत ‘चांगला झालाय’ म्हणून एक अक्षर नाही. कॉलर जरा वाकडी गेली तर मात्र अर्धा तास व्याख्यान!

बरं, शूटिंग म्हणजे मला वाटलं, कॅमेरा लावायचा, आम्ही इस्त्री करायची, संपलं. छे! कॅमेऱ्यावर तिची मैत्रीण. त्या मुलीचा चेहरा मी दोन दिवसांत पाहिला नाही, कॅमेऱ्यामागून फक्त आवाज. ‘काका, लाँग शॉट आहे!’ लाँग शॉट म्हणजे काय, तर ती रस्त्यापलीकडे जाऊन उभी, अख्खं दुकान दिसतंय आणि त्यात मी मुंगीएवढा. एवढ्याशा मुंगीसाठी मी सकाळी दोनदा दाढी केली होती हो! मग मिड शॉट. म्हणजे कमरेच्या वरचा मी. मग म्हणाली क्लोजअप. म्हटलं, आला आपला नंबर! केस विंचरले, तोंडावरून हात फिरवला... तर क्लोजअप इस्त्रीचा! मग टिल्ट, म्हणजे कॅमेरा मान वर-खाली करणार. मग पॅन, म्हणजे कॅमेरा इकडून तिकडे मान फिरवणार. आणि मी जरा कुठे मान वळवली की, ‘कट! काका, हलू नका!’ कॅमेऱ्याने वाटेल तशी मान फिरवायची आणि मी तेवढा पुतळा!

त्यातच माझ्या हातून चहा सांडला. छातीवर, पांढऱ्याशुभ्र शर्टावर, आणि तोही शॉट चालू असताना. मी झटकन ओला फडका उचलला, तर कन्या किंचाळली, ‘बाबा, हात लावू नकोस! कसलं नॅचरल दिसतंय! आता हा डाग उद्यापर्यंत असाच हवा. कंटिन्युइटी!’

कंटिन्युइटी म्हणजे काय माहितीये? गोष्ट एका दिवसाची, शूटिंग दोन दिवसांचं. म्हणून आज जसे आहात तसेच्या तसे उद्या उभे राहा. तोच भांग, तोच शर्ट, तोच डाग. ‘जपून ठेव हं बाबा.’ डाग जपून ठेव? कोणाला सांगते ही? मी लाँड्रीवाला माणूस, माझं काम डाग काढायचं!

आणि मग... मग तो शॉट झाला. त्या दिवशीचा शेवटचा. मी शर्टाची घडी घालून दादांच्या हातात द्यायची, त्यांनी उजेडात धरून बघायची आणि म्हणायचं, ‘ठेव तिकडे.’ कागदावर एवढंच. तर दादांनी शर्ट धरला, कॉलरवरून अंगठा फिरवला, उलटा केला, सुलटा केला... आणि हळूच म्हणाले, ‘ही सफाई माझ्या हाताला कधी आली नाही रे.’

अहो, कन्या कट म्हणायची विसरली. मी तसाच उभा, मला समोरचं काही दिसेना. तीस वर्षं हो! तीस वर्षं या एका वाक्यासाठी मी कॉलरी सरळ करत होतो!

घरी गेलो तो हवेतच. बायकोला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेलो तर ती म्हणाली, ‘आधी तो शर्ट काढा, चहाचा वास येतोय.’ काढला. आणि अशा आनंदात माझे हात कधी गप्प बसलेत का? गाणं गुणगुणत साबण लावला, घासला, कडक कांजी केली, इस्त्री मारली... पुन्हा बघतो तर शर्ट कसा, नवरदेवाचा! आणि तेव्हा डोक्यात वीज चमकली. कंटिन्युइटी!

दुसऱ्या दिवशी कन्येने कपाळाला हात लावला. म्हटलं, ‘रडू नकोस, पुन्हा सांडतो.’ तेवढाच चहा, तोच कप. तर पहिला डाग कसा, सुपारीएवढा गोल, आणि हा झाला बदकासारखा! जुळेना. अर्धी कामं अजून व्हायची होती आणि दोन डाग एका दिवसात कसे दाखवायचे? म्हणाली, ‘सगळं नव्याने घेऊ. बदक तर बदक.’

सगळं म्हणजे? सगळं! दादांचा शॉटही! घडी दिली. दादांनी बघितली. मी कान टवकारले. दादा म्हणाले, ‘ठेव तिकडे.’

म्हटलं, ‘दादा... काल म्हणालात ते म्हणा ना.’

‘काल काय म्हणालो?’

‘ते... सफाईबद्दल.’

‘ते कागदावर नाही. कागदावर आहे तेच मी बोलणार. मी शिस्तीचा माणूस आहे.’

पाच वेळा घेतला. पाचही वेळा, ‘ठेव तिकडे!’

मग मी कन्येच्या खोलीत जाऊन बसलो, ती संगणकावर एडिटिंग करत होती. तुकडे कापायचे, जोडायचे. म्हटलं, ‘अगं, कालचा दादांचा तेवढा क्लोजअप टाक.’ म्हणाली, ‘क्लोजअप घेतलाच नव्हता. मिड शॉट आहे, त्यात तू आहेस, गोल डागासकट.’ म्हटलं, ‘मग जंप कट मार!’ हो, एव्हाना मला शब्द यायला लागले होते. ‘डिझॉल्व्ह कर! दादांना माझ्यात विरघळव!’ ती हसली नाही. तो तुकडा पुन्हा लावून बघितला आणि म्हणाली, ‘चित्र नाही वापरता येणार, पण आवाज वापरते.’ आणि इस्त्री करणाऱ्या माझ्या हातांवर दादांचं ते वाक्य ठेवलं. नुसते हात... आणि तो आवाज. मी उठून बाहेर गेलो. डोळ्यात वाफ गेली होती, दुसरं काय!

मग पोरीच्या कॉलेजात तो सिनेमा दाखवला. सभागृह भरलेलं. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला बायको. पडद्यावर माझे हात आले, सगळं चिडीचूप, आणि आवाज आला, ‘ही सफाई माझ्या हाताला कधी आली नाही रे.’ आणि दादा अंधारात, एवढ्या मोठ्याने, ‘हा कोण बोलतोय? मी असलं काही बोलत नाही!’ सगळं सभागृह खो-खो हसलं हो! टाळ्या काय, शिट्ट्या काय! मी तेवढा खुर्चीत खाली खाली सरकत गेलो.

बाहेर आलो तर कन्या समोर उभी. बोटं चोळत विचारते, ‘बाबा, कसा वाटला?’ अहो, मला किती बोलायचं होतं! की पोरी, त्या हातांवर तो आवाज तू ठेवलास ना, तसं कोणी... पण तोंडातून काय बाहेर पडावं? ‘मधे जरा अंधार जास्त होता.’

तिचा चेहरा कसा पडला! त्याच वेळी मला कळलं, मी मुलगा कोणाचा ते. घाईघाईने म्हटलं, ‘ए, थांब, थांब! रिटेक! पुन्हा विचार!’

खांद्याला बॅग अडकवत म्हणाली, ‘राहू दे बाबा. पॅकअप झालं.’