दगडांच्या माऱ्यात व्यालेली कवडी

सन्माननीय अध्यक्ष रामकिसनजी वाघचौरे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांचा निरोप घ्यायला मन तयार होत नाही त्या आमच्या सत्कारमूर्ती डॉक्टर आशाताई गाडेकर, खात्यातले जुने सहकारी, आपापल्या कुत्र्यांना घरी ठेवून आलेली शहरातली मंडळी, आणि कन्नडकडून जीप करून आलेले, पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेले आमचे गावकरी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधीच्या प्रत्येक वक्त्यानं मॅडमना दयाळू म्हटलं. मी त्यांच्या हाताखाली पशुधन पर्यवेक्षक होतो. मला विचाराल तर दया हा शब्द त्यांना तोकडा पडतो. मुक्या जिवाची दया आपण सगळेच करतो, समोर कुऱ्हाड नसली म्हणजे.

शहरातली मंडळी मॅडमना केव्हाही फोन करतात. कुत्री खात नाही, कोपरा उकरते, धापा टाकते, काय करू? मॅडम विचारतात, ताप मोजला का? तो प्रश्न त्या इतक्या जोर देऊन का विचारतात, ते आज सांगतो. मॅडम, तुम्ही मान हलवू नका. आज मी ऐकणार नाही.

पंच्याण्णव सालचा उन्हाळा. आमचा दवाखाना ज्या गावात होता त्याचं नाव घेत नाही, निम्मं गाव समोर बसलंय. त्या गावात पिसाळलेल्या कुत्र्यानं साळूबाईंना चावा घेतला आणि त्या गेल्या. कशा गेल्या हे ज्यांनी पाहिलं त्यांना पाण्याचा तांब्या बघवत नव्हता. साळूबाईंना माती दिली आणि माणसं तशीच काठ्या घेऊन निघाली. दिसेल ते कुत्रं मारायचं. पाराजवळ तीन मारली. चौथं शाळेच्या ओट्याखाली शिरलं, तर त्याला मागच्या पायानं ओढून काढलं आणि दगडानं डोकं ठेचलं. ते पाळलेलं होतं. गळ्यात घुंगरू होतं. आपल्याला वाटतं हिंसा करणारी माणसं वेगळी असतात. नसतात हो. त्यातल्या दोघांनी आदल्या आठवड्यात माझ्याकडून शेळीला औषध नेलं होतं.

त्याच दिवसांत नानासाहेबांच्या वावरात केरबा धनगराच्या मेंढ्या बसवलेल्या होत्या. शहरातल्यांसाठी सांगतो, लेंडीखत मिळावं म्हणून शेतकरी आपल्या रानात मेंढ्यांचा कळप बसवून घेतात. केरबाची कुत्री कवडी गाभण होती, दिवस भरलेले. तिनं कडब्याच्या गंजीखाली उकरून बीळ केलं आणि अंधारात जाऊन पडली. नानासाहेब बैलांना वैरण काढायला गेले, गंजीत हात घातला आणि कवडीनं मनगट फोडलं.

बघायला गेलं तर काय दिसतं? कुत्री खात नाही, माती उकरते, अंधारात लपते, तोंडातून लाळ गळते, मालकाच्याही अंगावर येते. गावानं साळूबाईंना चावलेलं कुत्रं पाहिलं होतं. ते असंच होतं. फक्त कळा सुरू झाल्या की कुत्री अशीच वागते, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात येणार?

केरबा आणि त्यांची बायको बानाबाई कवडीला घोंगडीत गुंडाळून पळत दवाखान्यात आली. मागं नानासाहेब, हातात कुऱ्हाड, मनगटातून रक्त. त्यांच्यामागं गाव.

मॅडमनी कवडीचं तोंड पट्टीनं बांधलं, हातमोजे चढवले, थर्मामीटर लावला. ताप नव्हता. उलट पारा नेहमीपेक्षा चांगलाच खाली.

"व्यायला झालीय," मॅडम म्हणाल्या. "म्हणून अंग गार पडलंय."

"बाई, बाजूला सरा," नानासाहेब म्हणाले.

"आवं मालक, पोटुशी हाय ती!" केरबा आडवे झाले. "पोटुशीला मारता व्हय?"

"तुजी पोटुशी मला खाऊन बसली, धनगरा!"

नानासाहेबांनी दांड्यानं केरबांना असं हाणलं की ते औषधाच्या कपाटावर जाऊन पडले. काचा फुटल्या. दुसरा घाव कवडीसाठी उचलला. मॅडमनी डावा हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज बाहेरच्या गर्दीपर्यंत गेला. मग बाहेरून पहिला दगड आला.

मॅडम ओरडल्या नाहीत. मोडलेला हात पोटाशी धरून म्हणाल्या, "नानासाहेब, मारा. पण मेलेली कुत्री मला काही सांगणार नाही. ती पिसाळलेली असेल तर दहा दिवसांत मरेल. दहा दिवसांनी जिवंत असली तर चावताना तिच्या लाळेत विष नव्हतं, तुम्ही वाचलात. आता ठरवा, ती जगलेली पाहिजे का मेलेली?"

"म्हणजे ती पिसाळल्याली न्हाई?"

"छातीठोक सांगत नाही. तुम्ही आजच पोटातली इंजेक्शनं सुरू करा. पण ही मेली, तर रोज रात्री पाण्याकडं बघून तुम्ही काय विचार कराल ते तुमचं तुम्ही बघा."

मंडळी, मी भीती पुष्कळ पाहिली आहे. भीतीनं असं जागच्या जागी तोंड फिरवलेलं त्या दिवशीच पाहिलं. नानासाहेब वळले आणि दारात उभे राहिले. त्यांचा पुतण्या कडूबा हातात धोंडा घेऊन आत घुसत होता.

"काका, सरा, संपवतो तिला!"

नानासाहेबांनी त्याच दांड्यानं त्याचं डोकं फोडलं. "माघारी फिर, भाड्या! माजा जीव हाय तिच्यात!"

टाके मी घातले. कायद्यात बसत नाही, पण कडूबा, केस बरे आलेत रे तुझे.

दगड थांबले नव्हते. खिडकीची काच गेली, पत्र्यावर धडधड चालू होती. टेबलाखाली, जमिनीवर, कवडी अडली. पिल्लू आडवं होतं. मॅडमचा एक हात निकामी, माझा हात जाडजूड. मॅडमनी बानाबाईंना हातमोजे घालायला लावले.

"मेंढीचं कोकरू सोडवलंय ना, बानाबाई? तसंच, पण दोन बोटांनी. कळ आली की ओढा. कळ नसताना ओढलंत तर पिशवी फाटेल."

"मॅडम, पाय लागला बोटाला. वढू का?"

"अजून नाही. कळ येऊ द्या. हं, आता."

पहिली दोन मेलेली निघाली. मारहाणीत कवडी कुठं आपटली कोण जाणे. पुढची चार जिवंत. बाहेर दगड पडत होते आणि आत बानाबाई एकेका पिल्लाचं नाक पदरानं पुसत होत्या. त्या आज इथं आल्या आहेत. केरबा राहिले नाहीत.

पुढचे दिवस आमच्या दवाखान्यात एक नवल घडलं. नानासाहेब स्वतः दूध घेऊन येत. कवडी प्याली नाही तर घरी जाऊन दुसरं ताजं काढून आणत. "डॉक्टर, आज जरा मलूल दिसती," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं! पोटात सुया टोचून घेऊन वाकलेला तो माणूस कुत्रीच्या श्वासाकडं बघत तास तास बसे.

दहाव्या दिवशी ते आले. कवडी पिलांना पाजत होती. नानासाहेबांनी वाटी पुढं सरकवली आणि ती अंगावर धावून आली, दात विचकून, गुरगुरत. नानासाहेब मागं पडले आणि तिथंच मातीत बसून लहान पोरासारखे रडायला लागले. "चावाया आली रं! चांगली तरतरीत हाय! जगलो!"

प्लॅस्टरमधला हात सावरत मॅडम बाहेर आल्या. "नानासाहेब, आता तुम्ही मरत नाही. चला, पोलीस ठाण्यात जाऊ. माझा हात मोडलाय आणि केरबांच्या बरगड्या."

आणि त्या गेल्या! तडजोडीला किती जण आले, वरून किती फोन आले. मॅडमनी तक्रार मागं घेतली नाही. शिक्षा झाली, नानासाहेबांनी भोगली. ते आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःहून आले आहेत. मॅडमची डाव्या हाताची तीन बोटं आजही मिटत नाहीत. उरलेल्या बोटांनी त्यांनी या जिल्ह्यातल्या किती कुत्र्या सोडवल्या हे त्या सांगणार नाहीत, मलाही मोजता आलं नाही.

मॅडम, तुम्ही जीव वाचवलात म्हणून आभार मानायचे, की हात मोडणाऱ्याला ठाण्यात नेलंत म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हींसाठी मानतो. अध्यक्ष महोदयांनी चिठ्ठी पाठवूनही मला बोलू दिलं, त्यांचे आभार. आपण शांतपणे ऐकलंत, आपले आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. ज्यांची नावं घेतली त्यांची क्षमा मागतो. आणि त्या दिवशी बाहेरून दगड मारणारे जे आज इथं बसले आहेत आणि ज्यांची नावं मी घेतली नाहीत, त्यांनी जाताना व्यासपीठावर येऊन मॅडमचा डावा हात हातात घेऊन नमस्कार करावा. मॅडम ओळखणार नाहीत. दगड पडत होते तेव्हा त्या खाली वाकून पिल्लं सोडवून घेत होत्या.