बाटली हलवणारा

डोळ्यांत थेंब घालून तिघांना बाकावर बसवलं होतं. पाऊण तास डोळे उघडायचे नाहीत, असं नर्स बजावून गेली होती. त्यातल्या दोघी नणंद-भावजय होत्या, तिसरा मालिकांमधला नट. पेपरात त्याचा आणि त्याच्या जोडीदाराचा फोटो छापून आला, तेव्हापासून आठ महिने तो घरीच होता.

“वहिनी, ती नऊची मालिका बघता का अजून?”

“सोडली. थोरल्या मुलाला अपघात दाखवला आणि पट्ट्या सोडल्या तर आत दुसराच माणूस.”

“पहिल्याला काढलं ना. पुरुषाबरोबर राहतो म्हणे.”

“राहू दे की. आईला औषध देताना तो आधी बाटली हलवायचा. हा नवा तशीच ओततो.”

“ते मीही पाहिलं. पण लोक काय म्हणतील, म्हणून काढलं असेल.”

“कोणते लोक? तुम्हाला कुणी विचारलं?”

“मला कोण विचारतंय.”

नटाच्या खिशात फोन वाजला. त्याने चाचपडत उचलला. निर्मातीण होती. वकिलाच्या भूमिकेसाठी तिला आज उत्तर हवं होतं. तीन दिवस तो टाळत होता.

“करतो तुमची नवी मालिका,” तो म्हणाला. “सोमवारी येतो. नाही, माझं नाव बदलायचं नाही. आहे तेच लावा.”

वहिनींनी नणंदेला कोपराने ढोसलं.

“आवाज ओळखलात ना, वन्सं?”

“ओळखला.”

वहिनींनी मिटल्या डोळ्यांनीच त्याच्याकडे मान वळवली.

“नवी मालिका किती वाजता लागणार हो? तशी जेवणं उरकून घेऊ.”