तिच्या फेऱ्या, माझा पाव

—अहो, त्या घड्याळाला काय विचारता, मला विचारा ना! पळालात, घाम गाळलात, आणि आता हातात केळं धरून मनगटाकडे बघताय — खाऊ की नको, खाऊ की नको — जसं काही सासऱ्याकडे मुलगी मागायला आलाय. बसा. बसा हो, बाक काही माझ्या बापाचा नाही. हे असलंच पावलं मोजणारं घड्याळ आमच्याही घरी आहे, मुलीनं तिच्या आईला आणून दिलंय. एकदा मी ते गुपचूप हाताला बांधलं आणि खुर्चीत बसून अंडी फेटली. काय सांगू राव, शाबासकी दिली त्यानं! टाळ्या वाजवल्या — आणखी शाबासकी! एवढं कौतुक शाळेत झालं असतं तर मी चौथीत पळून गेलो असतो का? तेव्हा ते ‘इतकं जाळलंत’ म्हणालं की लगेच तितकं गिळायला बसू नका, निम्मं धरा. हे शहाणपण माझं नाही, दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंचं. मी बॉयलरवर काम केलेला माणूस, मला नुसता कोळसा कळतो. पण भूक लागली असेल तर खा की! भूक लागणं ही काय साधी गोष्ट वाटली तुम्हाला?

ते जाऊ द्या, गंमत ऐका. तळ्यापलीकडे बघा — निळा स्वेटर, पांढरे बूट, रस्ता आपल्या मालकीचा असल्यासारखी चाल. ती आमची कंडक्टरबाई. खरोखरची हो, जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली तिनं. फुकट्या माणूस दिसला की मागच्या दारापर्यंत जाऊन कॉलर धरायची. माझीही धरली होती — आमची ओळख तशीच झाली, आणि पुढे तिनं कॉलर सोडलीच नाही. तर आमच्या घरचा कारभार असा, की फेऱ्या ती मारते आणि तिनं जे जाळलं ते मी खातो! हसा, हसा. हा बघा पाव — लोणी, वर साखर. तिच्या आवडीचा. ती चालते, मी इथं बसून चावतो, तोंडाचा आवाज करून, तिला दिसेल असा.

दुष्टपणा? वाटणारच तुम्हाला. अहो, तिचं ऑपरेशन झालं आणि भूक जी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, चालवा, भूक परत येईल. चालली ती. आधी खोलीत, मग गल्लीत, आता इथं. पाय आले, भूक नाही आली. मुलगी म्हणते, आई, चाललीस तेवढं तरी वरून खा गं. तर ही म्हणते, चालून घालवलेलं पुन्हा खायचं, मग चालायचं कशाला? आहे की नाही वकील? विनवण्या झाल्या, रडारड झाली — मुलीची हो, माझी नाही. मग मी म्हटलं, बरं, तू नको खाऊस, वाया कशाला घालवायचं, मी खातो! पहिल्या दिवशी नुसती बघत राहिली. मग एके दिवशी म्हणाली, “लाज वाटते का? चालते मी!” काय आनंद झाला म्हणून सांगू! राग आला म्हणजे धग आहे आत. पण अजून घास काही उचलला नाही तिनं. आणि मी? पँटचं बटण दोनदा सरकवलंय. गोड मला मुळीच आवडत नाही. डॉक्टर तिला सोडून आता माझ्यावर ओरडतात. पण मी थांबलो तर ती जिंकली. तिच्या बोटातली अंगठी दोरा गुंडाळून बसवलीय, राव. ती अशीच जिंकत राहिली तर... खा ना ते केळं, काळं पडेल!

थांबा. फेरी अर्ध्यात सोडली तिनं. गवतातून येतेय — आडवी, सरळ इकडे. बापरे, हात झटकतेय! बघू नका तिच्याकडे, बुटाची नाडी बांधा. मी मोठा घास घेतो—

“काय गं, दमलीस? ... कुठं सगळा संपवला? हा काय, आहे की. ... माझा हक्क कसा नाही? ... अगं, मी काय ओढून घेतलं का तुझ्याकडून, तूच म्हणालीस नको म्हणून! ... ओरडू नकोस, लोक बघतायत. ... हो, साखर जास्तच आहे, मला चालते. ... अगं— अगं, माझं बोट! हळू! पाणी घे मधे...”

...

अहो, तुम्ही काय तोंडाकडे बघत बसलात तिच्या? उठा, पळा! जागा द्या तिला बसायला.