आण्णांची टेस्टिंग

आमच्या आण्णांची टेस्टिंग तुम्ही बघायलाच पायजे होती. ऑफिसात नेट बसवताना एक वायर तुटली तरी दुसरीवर चालावं, म्हणून आमी नेट वाटणाऱ्या दोन स्विच-डब्यांमधी दोन वायरी टाकतो. मग आण्णा त्याच नेटच्या वायफायवरनं घरी काकूंना फोन लावायचे आन् काकू बोलत असतानाच एक वायर उपटायचे. काकूंचा आवाज तुटला न्हाय, की काम पास.

काकू वारल्यावर परवा कळंबला पहिलंच काम होतं. आण्णांनी सवयीनं काकूंनाच फोन लावला. तो वाजला आण्णांच्या पिशवीत. काकूंचा फोन ते संगंच घेऊन हिंडतेत. त्यांनी वायर उपटली. रिंग तुटली न्हाय.

"पास झालं आण्णा, ठिवा आता," म्या म्हणलं.

"वाजू दे जरा," आण्णा म्हणाले, "तिचे हात पिठाचे असतेत."