फाच्वाच्या मानेतलं इंजेक्शन

...आणि वर मलाच म्हणतात, तुला बैल वाचवायचा होता म्हणून तू टोचलंस. अहो, टोचलं तेव्हा माणूस जिवंत होता, तुम्हाला सांगतो, माझ्या शेजारी होता, आणि टोचायला लावणारा तोच, माझा मोठा भाऊ मोगोमोत्सी. बैल त्याचा, बाटली त्याची, सुईसुद्धा त्याची, माझा फक्त हात. पण ऐकतंय कोण?

झालं असं, की आमच्या गुरांच्या तळावरचा तो बैल, फाच्वा, काळा-पांढरा, शिंगं अशी की पाण्यावर दुसऱ्यांची गुरं आपणहून बाजूला सरकायची, तो मागचा पाय उचलून चालायला लागला. बघतो तर खुरांच्या बेचक्यात सूज, पू, आणि वास असा की माझी सकाळची पेज तशीच राहिली. दादा म्हणाला, "खूर सडतंय. आजच टोचू." मी म्हटलं, दादा, आधी धुऊन बघू. "तू धू. धुऊन झालं की टोच." असा माणूस.

मग फाच्वाला खोड्यात घेतलं, म्हणजे मी घेतलं, दादा कुंपणावर बसून छाती चोळत सूचना देत होता... "मानेत दे, मांडीत नको, मांडीचं मांस नासतं. सगळं एका जागी ओतू नकोस, दोन जागी वाट. आणि हात आखडू नकोस, कमी दिलंस तर दुखणं परत येतं आणि मग औषधाला जुमानत नाही." ते औषध काकवीसारखं, त्यात थंडी, सुईतून उतरता उतरेना, आणि बैल मला फळीवर दाबतोय. मी कळवळलो तर दादा वरून म्हणतो, "सुई त्याला लागलीय, तू का ओरडतोस?" छाती का चोळतोस विचारलं, तर म्हणे रात्रीचं मांस पोटाला जड झालं असेल, सोमवारी दवाखान्यात बघू. म्हणजे बैलाचं आज आणि स्वतःचं सोमवारी... कुंपणावरून उतरता उतरता एवढंच म्हणाला, "आता महिनाभर ह्याला कापायचं नाही. औषध मांसातून उतरू दे. तू विसरतोस, म्हणून सांगून ठेवतोय."

मी विसरलो नाही. तिथंच सगळं बिघडलं.

फाच्वा दोन-चार दिवसांत पाय टेकायला लागला. आणि दादा, सोमवार यायच्या आत, पाण्याच्या टाकीजवळ जरा बसतो म्हणाला, तो बसलेलाच गेला. मला काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? गुरं तहानलेली होती, त्यांना पाणी पाजलं आणि मग गावात फोन केला.

गावाहून सेइत्शिरोमामा आले. आमच्यात मामा बोलला की संपलं, बाकीच्यांनी फक्त माना हलवायच्या. मामा म्हणाले, "फाच्वा आणा. माझ्या मातीला फाच्वा कापा, असं तो स्वतः म्हणाला होता, चारचौघांत." म्हणाला होता, मी नाही कुठं म्हणतोय? मी म्हटलं, "मामा, त्याला इंजेक्शन दिलंय."

"कशाचं?"

"पायाचं."

"मग पाय सोडून शिजवा."

"मानेत दिलंय, मामा."

"पायाचं मानेत कसं?" आणि सगळ्यांकडे असं बघितलं, की बघा, हा पोरगा आम्हाला शिकवतोय. "बरं, मान पण सोडा."

"मामा, ते सगळ्या अंगात फिरतं."

"फिरतं तर एव्हाना बाहेर पडलं असेल."

मग बोसेजाआत्या, ती मागून, "मला दवाखान्यात तसलंच टोचलेलं. मी काय मेले?" मी म्हटलं, "आत्या, तुला कुणी खाल्लं नाही." ती हसली, सुतकाच्या घरात हसली, आणि हसता हसता जी रडायला लागली... मला काही वाटलं नाही, मी पातेली मोजत होतो.

मामा जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मेलेल्या भावाच्या शब्दापेक्षा तुला बाटली मोठी?" आता काय सांगायचं? म्हटलं, "मामा, दोन्ही शब्द भावाचेच आहेत. कापा पण तोच म्हणाला, कापू नका पण तोच म्हणाला. अख्खं गाव जेवणार, लहान पोरं जेवणार. मी नंतरचा शब्द धरलाय." मामा म्हणाले, "तर काय वाढणार? कोंबडी?"

माझा तांबडा बैल दिला. गाडीला चालणारा, हाक मारली की येणारा. औषधाचा थेंब गेला नव्हता पोटात, म्हणून त्याचा नंबर लागला, निरोगी असण्याचं बक्षीस. पुरुषांनी तीनपायी हंड्यांत शिजवला, आमच्या रीतीनं मांस कुटून मऊ केलं, लोक पोटभर जेवले, मांस गोड आहे म्हणाले. मला चव लागली नाही. वाटलंही काही नाही.

पुढं वहिनीच्या अंगावरचे दुखवट्याचे काळे कपडे उतरवायचा दिवस ठरला, त्यालाही बैल लागतो. मामांचा फोन, "उतरलं का रे औषध?" उतरलं म्हटलं. मामा सुरी पाजळून, दोरी घेऊन तळावर हजर. मी फाच्वाला आणायला गेलो, आणि बघतो तर... दुसरा पाय उचललेला. तीच सूज, तोच वास. मामा म्हणाले, "टोचायच्या आधी कापू." बरोबरच होतं त्यांचं, औषध नाही अंगात, पाय टाकून द्यायचा, झालं. मी हो म्हणालो. हो म्हणालो आणि हाताने बाटली उघडली. सुई भरली, थंडीत औषध उतरता उतरेना... फाच्वानं मान इतकी पुढं केली, की टोचून झाल्यावर मी तिथंच कपाळ टेकून उभा राहिलो. बराच वेळ.

मामांनी दोरी गुंडाळली, सुरी खिशात घातली. जाताना मात्र म्हणाले, "माझ्या मातीला मला बैल नको. बकरा चालेल. पण तो आजारी पडायच्या आत काप."

मी बरं म्हटलं. आता काय सांगू तुम्हाला, तळावर बकरा एकच आहे, आणि त्याचं नाक कालपासून वाहतंय.