हे वाक्य कुणाचं?

हसलात ना? हसा — पण ते वाक्य माझं नव्हतं हां, रुचिरा. ‘चहा गार होऊ देणारी माणसं मनाने निवांत असतात’ — हे आमच्या नंदूमामाचं. मुलगी भेटली की पहिलं हे टाक म्हणाला. आणि ‘ह्या टायमाक जमवनच ये’ — हे आईचं, मी निघताना म्हणाली, शब्दशः. आता दुसऱ्याचं घेतलं तर नाव सांगायला नको? कॉलेजात मी तेच तर शिकवतो — प्रोजेक्टमध्ये कुणाचं काही उचललं तर खाली त्याचं नाव लिहा, नाहीतर ती चोरी. सोपं वाटतं? अहो, पोरं म्हणजे एकेक नग! एकाला सांगितलं, दुसऱ्याचं ते अवतरणचिन्हात घाल. त्याने काय करावं? पहिल्या पानावर चिन्ह उघडलं, शेवटच्या पानावर बंद केलं. मध्ये अख्खं इंटरनेट! आणि अल्पेश — त्याने परीक्षेत उत्तराखाली लिहिलं, ‘संदर्भ : देवेश, पुढचा बाक.’ मी काय केलं? पैकीच्या पैकी दिले. बाक बरोबर, नाव बरोबर, अजून काय पाहिजे? — त्यावरून प्राचार्यांनी मला घरी बसवलंय, पण ते तात्पुरतं — अरे यार, हे सांगायचं नव्हतं.

काय? आधीची मुलगी? कोण म्हणालं — हे स्थळ सुचवणारी सगुणामावशी ना? बघा, अफवेलाही संदर्भ असतो! तसं काही नाही हो. दीप्तीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नात आलेली ती, विक्रोळीच्या हॉलवर. दीप्तीने झकास उखाणा घेतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोच उखाणा आमच्या चुलतबहिणीने, पूर्वीने, तिच्या लग्नात घेतलेला, फक्त नवऱ्याचं नाव बदललं! मी माईक घेतला, प्रेमानेच विचारलं — ‘दीप्ती, मूळ कुणाचा?’ वाट लागली. दीप्ती रडली, आई अजून तोंड फिरवते, आणि ती मुलगी जेवली नि गेली. वाईट मलाही वाटलं हो, पण चुकलो का मी?

असो. तुम्ही छान दिसता — हे आईचं मत, फोटोवरून, मी प्रत्यक्ष पाहून दुजोरा देतोय. डोळे बोलके आहेत — नंदूमामा. नशीब लागतं अशी मुलगी मिळायला — पुन्हा नंदूमामा. — अहो, पर्स का उचलली? काय म्हणालात, ‘यात तुमचं काय?’ माझं — माझं म्हणजे — थांबा हं. आठवत नाहीये. जाऊ नका ना! तुम्ही आलात तेव्हा खुर्चीला ओढणी अडकली आणि तुम्ही खुर्चीलाच सॉरी म्हणालात. तेव्हापासून मला वाटतंय, हे जमावं. फार वाटतंय. — नाही हो, कुणाचं नाही. देवाशपथ माझं.

बसलात! हुश्श. — काय? पुन्हा म्हणा. मी पण आवडलो? तुम्हाला? अगं बाई — म्हणजे, वा! एक विचारू? हे तुमचं, की घरून कुणी सांगून पाठवलं — अहो! अहो रुचिरा, सवयीने विचारलं हो! रुचिरा —

...

नाही रे, दोन्ही चहा नको. एकच गरम करून आण.